पगारवाढ आणि चार तासांची लोकल

मागच्या वर्षी फोर्टमधल्या एका कंपनीने मला नोकरी देऊ केली. काम हिशेबाचंच, जे मी गेली चौदा वर्षं करते आहे. पगार 35,000. सध्या मी कौशात, घरापासून पंधरा मिनिटांवर, औषधांच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे हिशेब पाहते. तिथे मला 20,500 मिळतात. म्हणजे सरळ 14,500 ची वाढ. घरात, शेजारात, नात्यात ज्याला ज्याला सांगितलं त्याने पहिल्यांदा अल्हम्दुलिल्लाह म्हटलं आणि मग विचारलं, "कधीपासून?" जाणार की नाही, असं कुणीच विचारलं नाही. मुंब्र्याच्या माणसाने मुंबईत नोकरीला जायचं, हे आमच्याकडे ठरलेलंच असतं.

मी मात्र तीन आठवडे उत्तर दिलं नाही. त्याचं कारण सांगायचं तर आधी माझ्या आजाराबद्दल सांगायला हवं.

2021 च्या एप्रिलमध्ये घरात सगळ्यांना कोरोना झाला. बाकीचे बरे झाले. मीही बरी झाले असं रिपोर्ट म्हणत होते. पण त्यानंतर शरीर माझं राहिलं नाही. दोन बादल्या कपडे धुतले की दुसऱ्या दिवशी घसा दुखायचा, उजेड सहन व्हायचा नाही, बोलता बोलता साधा शब्द आठवायचा नाही. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-12, सगळं तपासून झालं, सगळं ठीक निघालं. एका डॉक्टरांनी रोज सकाळी चालायला जा म्हणून सांगितलं, मी इमानेइतबारे गेले आणि नवव्या दिवशी अंथरुणाला खिळले. खालाने नजर उतरवली. जाऊबाई म्हणाल्या, टेन्शन घेऊ नको. शेवटी दीड वर्षानंतर एका बाईंनी, एका मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टर बाईंनी, शांतपणे अर्धा तास ऐकून घेतलं आणि नाव सांगितलं: मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस, लोक ज्याला क्रॉनिक फटिग सिंड्रोम म्हणतात. याची रक्ताची तपासणी नाही आणि रोग मुळापासून घालवणारं औषधही नाही. जे आहे त्याला त्या 'पेसिंग' म्हणाल्या: अंगात जेवढी ताकद आहे तेवढीच खर्चायची, उधारी करायची नाही. व्यायाम हळूहळू वाढवत नेण्याचा जो सल्ला वर्षानुवर्षं दिला जायचा, तो इंग्लंडमधल्या आरोग्यसेवेच्या मार्गदर्शक सूचनांतून 2021 च्या ऑक्टोबरमध्ये काढूनही टाकलाय, हेही त्यांनीच सांगितलं. मला रडू आलं. त्या चालण्याच्या नऊ दिवसांसाठी मी स्वतःला आळशी म्हणत आले होते.

मराठीत या आजाराची अडचण अशी की 'थकवा' हा शब्द फार साधा आहे. मुंब्रा स्टेशनवर संध्याकाळी उतरणारं प्रत्येक माणूस थकलेलं असतं. "मी थकते" म्हटलं की समोरची बाई म्हणते, "मी पण थकते गं." ती खोटं बोलत नसते. पण तिचा थकवा झोपेने जातो. माझा जात नाही, आणि तो त्याच दिवशी येतही नाही. कष्टानंतर बारा तासांनी, चोवीस तासांनी, कधी दोन दिवसांनी येतो. सोमवारी केलेल्या खर्चाचं बिल बुधवारी दारात येतं, तेही व्याजासकट.

म्हणून मी ठरवलं की हो किंवा नाही म्हणायच्या आधी करून पाहायचं. हिशेबनीस बाईला दुसरं काय सुचणार! साठलेली रजा टाकली आणि एका सोमवारी नोकरीला निघाल्यासारखी निघाले. क्रॉफर्ड मार्केटजवळ मावसभावाचं दुकान आहे. दिवसभर तिथे बसून त्याचे जीएसटीचे हिशेब लावायचे आणि सुटायच्या वेळेला परतायचं.

घर ते स्टेशन शेअर रिक्षा, पूल चढणं-उतरणं, मग धीमी लोकल. आमच्याकडे येणारी गाडी कल्याण, डोंबिवली, दिवा इथूनच भरून येते, त्यामुळे बसायला मिळण्याचा प्रश्नच नाही, आत शिरायला मिळालं तरी नशीब. शिरल्यावर बायकांची ती जुनी पद्धत: बसलेल्या प्रत्येकीला "कुठे उतरणार?" विचारत जायचं आणि तिची जागा आपल्या नावावर लावून ठेवायची. मला भांडुपवाली मिळाली, पण तिने ती आधीच दुसरीला कबूल केली होती. घाटकोपरला चौथी सीट मिळाली, म्हणजे अर्धी मांडी बाकावर आणि अर्धी हवेत. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरून पुढे चालणं. दारापासून दारापर्यंत दोन तासांना पाच मिनिटं कमी.

सोमवार छान गेला. मंगळवारीही गेले, परतताना भाजीसुद्धा घेतली. नवरा म्हणाला, "बघ, उगाच घाबरत होतीस." मलाही तसंच वाटलं. बुधवारी गेले. बुधवारी संध्याकाळी पोळ्या लाटताना लाटणं हातातून सुटलं. गुरुवारी मी मान उचलू शकले नाही. वजूसाठी तांब्या धरता येईना, निजल्या निजल्या इशाऱ्याने नमाज पढले. मुलगी दाराशी उभी राहून काहीतरी विचारत होती, तिचे ओठ दिसत होते आणि अर्थ लागत नव्हता. अकरा दिवसांनी मी पुन्हा माझ्या नेहमीच्या, म्हणजे अर्ध्या, ताकदीवर आले.

हे मी मुद्दाम तपशिलात लिहिते आहे, कारण असा आजार असलेली माणसं एक दिवस जाऊन बघतात, तो जमतो आणि ती हो म्हणून मोकळी होतात. एका दिवसाच्या प्रवासाने काहीही कळत नाही.

आता पैशांचं. पडून असतानाच, उशीखाली कागद ठेवून, मी हा हिशेब मांडला. नव्या नोकरीत रोज साडेतीन तास जास्तीचे, महिन्याचे 25 दिवस, म्हणजे 87 तास. त्याचे मिळणार 14,500. गर्दी थोडी कमी लागावी म्हणून पहिल्या वर्गाचा पास आणि रिक्षा मिळून 2,200. रात्रीच्या स्वयंपाकाला बाई ठेवावी लागणार, 3,000. महिन्यातून दोन दिवस तरी मी उठू शकणार नाही, आणि पहिले सहा महिने तिथे भरपगारी रजा नाही: 2,700. दोन दिवस असे असणार की संध्याकाळी गाडीत चढणं अशक्य, टॅक्सी करून यावं लागणार: 1,800. उरले 4,800. तासाला 55 रुपये. आमच्या गल्लीत कॉलेजची पोरं शिकवणीचे यापेक्षा जास्त घेतात.

शिवाय एक गोष्ट, जी पगाराच्या आकड्यात दिसत नाही. माझा आताचा पगार 21,000 च्या आत आहे, म्हणून मी ईएसआयमध्ये आहे. दवाखान्यातल्या रांगेबद्दल मी एक स्वतंत्र लेख लिहू शकेन, पण आजारपणाची रजा मंजूर झाली तर वर्षातून जास्तीत जास्त 91 दिवस पगाराच्या 70 टक्के मिळतात. 35,000 च्या नोकरीत मी त्यातून बाहेर. धडधाकट माणसाला हे नुकसान वाटणारही नाही. माझ्यासाठी त्या 91 दिवसांची किंमत काय, ते मी आणि माझी उशीच जाणतो. कंपनीचा आरोग्य विमा होता, पण तो इस्पितळात भरती झाल्यावरचा. माझा आजार भरती होऊ देत नाही, घरातच झोपवतो.

"मग जवळ राहायला का जात नाही?" हा सल्ला मला तीन जणांनी दिला. तिघेही भले लोक, तिघांपैकी कुणीही मुसलमान नाही. आम्ही पाहिलं. परळच्या बाजूला एका एजंटने फोनवर खोली आहे म्हणून सांगितलं, नाव विचारलं आणि मग मालक मांसाहारी भाडेकरू ठेवत नाहीत हे त्याला आठवलं. भायखळ्यात, मोहम्मद अली रोडला नावाची अडचण नव्हती, पण तिथल्या भाड्यात माझी सगळी वाढ जाऊन वर घरातले घालावे लागले असते.

मुळात आम्ही मुंब्र्यात का आलो? 1992-93 च्या दंगलींनंतर मुंबईच्या कितीतरी वस्त्यांतून कुटुंबं इकडे आली, त्यांतलं एक आमचं. मी तेव्हा सात वर्षांची होते. घर हललं, पण अब्बांचं काम मस्जिद बंदरलाच राहिलं. त्यानंतर बावीस वर्षं ते त्या गाडीत उभे राहून गेले. फजरची नमाज पढून निघायचे, आम्ही झोपल्यावर यायचे. वडील म्हणजे रविवारी दिसणारा माणूस अशीच माझी बरीच वर्षं समजूत होती. त्यांना कुठलाही आजार नव्हता. गुडघे गेले ते निवृत्तीनंतर. त्या बावीस वर्षांच्या रोजच्या तीन-साडेतीन तासांचा पगार त्यांना कुणी दिला नाही आणि त्यांनीही कुणाकडे मागितला नाही. सुरक्षित घर आणि कामाची जागा यांच्यामधलं अंतर त्यांनी स्वतःच्या पायांनी भरून काढलं. प्रवास हा ज्याचा त्याचा खासगी प्रश्न, असं म्हणणाऱ्या प्रत्येक मालकाला मला हे सांगावंसं वाटतं की आम्ही इतक्या लांब हौसेने राहत नाही. 9 जून 2025 ला मुंब्र्याजवळच्या वळणावर गच्च भरलेल्या लोकलच्या दारांतून माणसं पडली, काही दगावली. तीही कामालाच निघालेली होती. दारात लटकू नये हे त्यांना कळत नव्हतं असं थोडंच आहे?

आणि माझ्यासारखीने दिव्यांगांच्या डब्यात तरी चढावं? 2016 च्या कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार मोजलेत, त्यांत माझ्या आजाराचं नाव नाही. हातपाय धड, चेहरा धड. त्या डब्यातून मला कुणी खाली उतरवलं तर मी दाखवू काय?

खाला मात्र नाराज झाली. "चालून आलेली रोजी लाथाडू नये," म्हणाली. तिचं मी उलट उत्तर देऊन मन दुखवलं नाही, पण इथे लिहिते. रिज्क अल्लाह देतो हे खरं, आणि शरीर ही त्याचीच अमानत आहे हेही खरं. रमजानच्या रोजांची सवलत सांगताना कुरआनात दोन माणसांचा एकत्र उल्लेख येतो: आजारी आणि प्रवासी. लहानपणापासून ऐकत आले, पण ती दोघं शेजारी शेजारी का, याचा विचार त्या अकरा दिवसांत पहिल्यांदा केला. दोघांच्याही अंगातून काहीतरी खर्च होत असतं, जे बाहेरून दिसत नाही. (मुंब्रा ते फोर्ट हा शरीयतच्या हिशेबात सफर ठरत नाही, हे मला ठाऊक आहे. मौलाना वाचकांनी कृपया पत्र पाठवू नये.) जिथे फर्ज रोज्यातही सवलत आहे, तिथे साडेनऊच्या हजेरीत एवढीही जागा का असू नये?

ती जागा मी मागून पाहिली. कंपनीला सगळं खरं लिहिलं: आजाराचं नाव, डॉक्टरांचं पत्र, आणि एक विनंती. आठवड्यातले तीन दिवस घरून काम द्या, बाकीचे दिवस अकरा ते सात. हिशेबाचं काम, सगळं संगणकावर, कागद हाताळायचा म्हणून फारसा नाही. कोरोनात याच कंपनीचं हेच खातं कित्येक महिने घरून चाललं होतं, हे मला मुलाखतीत त्यांनीच अभिमानाने सांगितलं होतं. दोन दिवसांनी फोन आला. बाई चांगल्या बोलल्या. म्हणाल्या, "मॅडम, तुम्हाला दिलं तर बाकीचेही मागतील."

मला वाटतं, मागू द्यायला हवं होतं. त्या खात्यात कल्याणहून, विरारहून, पनवेलहून येणारी माणसं असतील. सगळ्यांनाच माझा आजार नाही, पण सगळ्यांकडे मोजकीच ताकद आहे आणि तिचा मोठा वाटा ऑफिसात पोचायच्या आधीच गाडीत सांडतो. माझी विनंती मान्य केली असती तर मी 35,000 ऐवजी 28,000 वरही गेले असते. तसं मी बोललेही. पगार कमी करण्याचा प्रस्ताव त्यांनी विचारात घेतला, हजेरी कमी करण्याचा नाही. याचं हिशेबी उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

मी नाही म्हणून कळवलं. 4,800 रुपये कमी नसतात, मुलीच्या क्लासची फी तेवढीच आहे आणि ती आम्ही सध्या हप्त्याने भरतो. नवरा काही बोलत नाही, पण महिनाअखेरीला तो डायरी जरा जोरात मिटतो. माझ्या मालकांनी ईदच्या आधी 1,000 वाढवतो म्हटलं, तर मीच आधी आकडा विचारला. वाढून 21,500 होणार, म्हणजे ईएसआय जाणार. त्यांना 400 च वाढवा म्हणून सांगितलं. असं सांगणारी बाई त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली असावी.

परवा त्या कंपनीतल्या बाईंशी सहज बोलणं झालं. माझ्या जागी एक तरुण मुलगा घेतलाय, हुशार आहे, एकही दिवस उशिरा आला नाही म्हणाल्या. कुठे राहतो विचारलं, तर बदलापूरला.