रंगांचा उतार आणि त्याचा हिशेब

दुकानाचे उद्घाटन, नव्या मालाची आवक, घरातील विवाह, दिवाळीचे शुभेच्छापत्र. व्यापारी कुटुंबात वर्षभरात असे अनेक प्रसंग येतात, ज्यांसाठी फलक किंवा पत्रिका तयार करावी लागते. पूर्वी हे काम छापखान्याकडे सोपवून आपण मोकळे होत असू. आता घरातील मुलगा, सून किंवा महाविद्यालयात जाणारी नात संगणकावर तासाभरात आराखडा करून दाखवते. अशा आराखड्यांत एक गोष्ट हमखास आढळते, ती म्हणजे एका रंगातून दुसऱ्या रंगात हळुवार उतरत जाणारी पार्श्वभूमी. संगणकाच्या परिभाषेत तिला ग्रेडियंट म्हणतात. छापखान्यांत कोरलड्रॉ वापरतात, तेथे याच सोयीला फाउंटन फिल असे नाव आहे.

ही पार्श्वभूमी दिसायला मोहक असते. परंतु तिचा हिशेब न समजता वापरली, तर हजारो पत्रके छापून झाल्यावर दूरध्वनी क्रमांकाचे शेवटचे चार अंक वाचता येत नाहीत असे ध्यानात येते. छपाईचे पैसे जातात ते वेगळेच, आलेला ग्राहकही जातो. म्हणून या वेळी या रंगांच्या उताराविषयी थोडे सविस्तर लिहीत आहे.

संगणकाच्या पडद्यावरील प्रत्येक ठिपका, म्हणजे पिक्सेल, लाल, हिरवा व निळा या तीन रंगांच्या मिश्रणाने बनतो. प्रत्येक रंगाला ० ते २५५ अशा २५६ पातळ्या असतात. तिघांचा गुणाकार केला की १,६७,७७,२१६ छटा होतात. ग्रेडियंट करताना आपण या साऱ्या छटा निवडत नाही. आपण फक्त दोन-तीन ठिकाणी रंगाची नोंद करतो आणि मधल्या सर्व छटा सॉफ्टवेअर गणिताने भरते. या नोंदीला कलर स्टॉप म्हणतात. प्रत्येक स्टॉपला एक रंग आणि एक स्थान असते. आरंभबिंदू ० टक्के, शेवट १०० टक्के.

वाणिज्य शाखेचे शिक्षण झालेल्यांना हे समजण्यास अडचण येऊ नये. लाल रंगाची पातळी एका टोकाला २०० आणि दुसऱ्या टोकाला १०० असेल व मधले अंतर १००० पिक्सेल असेल, तर दर १० पिक्सेलमागे पातळी एकाने घटते. हा सरळ रेषा पद्धतीचा घसाराच झाला. दोन स्टॉपांच्या मध्ये एक लहान खूण असते, तिला मिडपॉइंट म्हणतात. ती मूळ ५० टक्क्यांवर असते, म्हणजे दोन्ही रंगांचे निम्मे-निम्मे मिश्रण बरोबर मध्यावर येते. ही खूण २५ टक्क्यांवर सरकवली, की निम्मे मिश्रण पाव अंतरावरच येते. मग रंग आरंभी वेगाने आणि पुढे सावकाश बदलतो. घटत्या शेषाच्या पद्धतीने आकारलेला घसारा पहिल्या वर्षांत अधिक असतो, तसेच हे समजावे.

प्रत्यक्ष कृती अवघड नाही. फोटोशॉप आणि जिंप या दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये कळफलकावरील जी हे अक्षर दाबले की ग्रेडियंटचे साधन हाती येते. जिंप हे विनामूल्य आहे. अमेरिकेतील बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ साली त्याची सुरुवात केली. ज्यांना वर्गणी भरावयाची नाही, त्यांनी तेच वापरावे. प्रथम एक नवा लेयर उघडावा, म्हणजे मूळ चित्राला धक्का लागत नाही. मग माऊसने जेथून जेथपर्यंत रंग उतरावा असे वाटते तेथपर्यंत रेघ ओढावी. जिंपच्या २०१८ साली आलेल्या २.१० या आवृत्तीपासून ही रेघ चित्रावरच दिसत राहते. तिची टोके सरकवता येतात, रेघेवर क्लिक करून नवा स्टॉप घालता येतो, आणि मनासारखे झाल्यावर एंटर दाबून काम पक्के करता येते. फोटोशॉपच्या ग्रेडियंट एडिटरमध्ये पट्टीच्या खालच्या बाजूस रंगांचे स्टॉप असतात आणि वरच्या बाजूस पारदर्शकतेचे. जिंपसोबत आलेले तयार ग्रेडियंट एडिटरमध्ये बदलता येत नाहीत. त्यांची नक्कल करून तीत बदल करावा व तिला नाव द्यावे. दुकानाचे ठरलेले दोन-तीन रंग असतील, तर दुकानाच्याच नावाने ग्रेडियंट साठवून ठेवावा. पुढच्या प्रत्येक फलकाला तोच मिळतो आणि ग्राहकाच्या नजरेला ओळख पटते.

उताराचा आकारही निवडता येतो. सरळ उतार, म्हणजे लिनियर, फलकाला व पत्रिकेला शोभतो. मध्यातून चहूकडे पसरणारा, म्हणजे रेडियल, चांदीच्या भांड्यामागे किंवा दागिन्यामागे घातला की वस्तू उठून दिसते. तेथे रंग फिकट राखाडी व पांढरा असाच ठेवावा.

आता रंगांच्या निवडीविषयी. निळा आणि पिवळा हे दोन शुद्ध रंग घेतले, तर मध्यभागी काय येईल? निळ्याची नोंद ०, ०, २५५ आणि पिवळ्याची २५५, २५५, ० अशी असते. साधारण पद्धतीने सरासरी काढली की तिन्ही पातळ्या सुमारे १२८ होतात, आणि तो तर निव्वळ राखाडी रंग! दोन तेजस्वी रंगांच्या मध्ये मळकट पट्टा का आला, असे नवशिक्याला वाटते, त्याचे कारण हे आहे. लाल आणि हिरव्याच्या मध्येही असाच गढूळ रंग येतो. यावर उपाय सोपा आहे. मध्यावर, ५० टक्क्यांवर, आपणच एक स्टॉप घालावा. लाल व हिरव्याच्या मध्ये पिवळा घातला की उतार स्वच्छ होतो.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा अक्षरांचा. समजा, डावीकडे मरून आणि उजवीकडे पिवळा असा उतार केला व त्यावर पांढऱ्या अक्षरांत दुकानाचे नाव व क्रमांक लिहिला. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील फरक मोजण्याचे एक आंतरराष्ट्रीय मान्य गुणोत्तर आहे. काळ्यावर पांढरे असेल तर ते २१ येते. सामान्य आकाराच्या मजकुराला ते किमान ४.५ आणि मोठ्या ठळक अक्षरांना किमान ३ असावे, असा संकेतस्थळांसाठीचा दंडक आहे. मरूनवर पांढरे अक्षर जवळजवळ ११ भरते. शुद्ध पिवळ्यावर तेच पांढरे अक्षर जेमतेम १.०७ भरते, म्हणजे दिसत नाही म्हटले तरी चालेल. डावीकडचे नाव ठसठशीत आणि उजवीकडे संपणारा क्रमांक अदृश्य, असा प्रकार होतो. ज्येष्ठांच्या डोळ्यांना तर तो क्रमांक अर्ध्यापासूनच दिसेनासा होतो.

यासाठी मरूनचा दुसरा स्टॉप ७० टक्क्यांवर ठेवावा. मग ० ते ७० टक्क्यांपर्यंत रंग मरूनच राहतो, सारा मजकूर तेथे बसतो आणि पिवळ्याकडे जाणारा उतार उरलेल्या ३० टक्क्यांत होतो. शोभाही राहते आणि क्रमांकही वाचता येतो. घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीला चष्म्यासह तो फलक हातभर अंतरावरून मोबाइलवर दाखवावा; त्यांना वाचता आला, तर तो योग्य.

दुसरा दोष पट्ट्यांचा. पार्श्वभूमी अगदी फिकट असावी म्हणून राखाडीची २०० ते २२० इतकीच पातळी घेतली, तर हाती केवळ २१ छटा राहतात. चित्र २१०० पिक्सेल रुंद असेल, तर प्रत्येक छटेला १०० पिक्सेल रुंदीचा पट्टा मिळतो आणि उताराऐवजी पायऱ्या दिसू लागतात. दोन पायऱ्यांमधील कड मानवी डोळ्याला आहे त्याहून अधिक उठावदार भासते, हे अर्न्स्ट माख या शास्त्रज्ञाने १८६५ सालीच दाखवून दिले. या पायऱ्या लपविण्यासाठी साधनाच्या पर्यायांत डिदर किंवा डिदरिंग अशी खूण असते, ती चालू ठेवावी. तीमुळे शेजारच्या छटांचे ठिपके एकमेकांत विखुरले जातात. हा विचार जुनाच आहे. राजा रविवर्मा यांच्या छापखान्यातून घरोघरी पोचलेली देवादिकांची रंगीत चित्रे शिलामुद्रणाने छापलेली होती. त्या पद्धतीत दगडावर बारीक ठिपके देऊनच गालावरची वा आकाशातली छटा साधत असत.

छपाईला देताना आणखी एक भान ठेवावे. पडदा प्रकाशाने रंग दाखवतो, कागद शाईने. पडद्यावरचा लखलखीत निळा वा हिरवा चार शाईंच्या छपाईत तितका तेजस्वी उतरत नाही. म्हणून पाच हजार प्रती सांगण्यापूर्वी एक प्रत प्रत्यक्ष आकारात छापून उन्हात व दिव्याखाली पाहावी. मूळ फाइल सर्व लेयरसह जपावी. जिंपमध्ये ती एक्ससीएफ व फोटोशॉपमध्ये पीएसडी या स्वरूपात असते. व्हॉट्सॲपवर छायाचित्र म्हणून पाठविल्यास फाइल दाबली जाते आणि नाजूक उतारावर चौकटी उमटतात. छापखान्याला ती डॉक्युमेंट म्हणून पाठवावी.

शेवटी व्यवहाराची एक गोष्ट. साडी, कापड किंवा रत्ने यांच्या छायाचित्रावर शोभेसाठी रंगीत पारदर्शक उतार पसरण्याची पद्धत रूढ होत आहे. त्याने मालाचा रंगच बदलतो. ग्राहक पडद्यावर पाहिलेला केशरी मागतो आणि पेटीतून निघतो तो विटकरी. माल परत येतो, आणि त्यासोबत दुकानाच्या शब्दाविषयी शंकाही येते. उतार हवाच असेल, तर तो वस्तूच्या मागे असावा, वस्तूवर नसावा. छायाचित्राची कड पार्श्वभूमीत विरघळवायची असल्यास लेयर मास्कवर काळ्या-पांढऱ्याचा उतार द्यावा. पांढरा भाग चित्र दाखवतो, काळा झाकतो, आणि मालाचा रंग जसाच्या तसा राहतो.

पुढील वेळी घरातील मुले नवा फलक दाखवतील, तेव्हा त्यांना तीन प्रश्न विचारावेत. स्टॉप कोठे कोठे आहेत? शेवटचा अंक वाचता येतो का? मालाचा रंग खरा आहे का? तिन्हींची उत्तरे समाधानकारक असतील, तर छपाईला निःशंक मंजुरी द्यावी.