फाइल टाकू नका

सुरतेच्या गोडादरा-लिंबायत पट्ट्यात धुळे, जळगाव, नंदुरबारहून आलेली असंख्य मराठी घरं आहेत. पोट कापडधंद्यावर. अशा घरातलं मूल कॅन्सरमधून बरं होऊन शाळेत जाऊ लागलं, की पेढे वाटून विषय मिटवला जातो.

तो मिटलेला नसतो. डॉक्सोरुबिसिन हे कॅन्सरचं औषध जीव वाचवतं, पण हृदयाचा स्नायू कमजोर करू शकतं. कधी ते दहा-वीस वर्षांनी, एखादीच्या गरोदरपणात उघडकीला येतं. सिस्प्लॅटिन या दुसऱ्या औषधाने ऐकू कमी येऊ शकतं. मेंदूला दिलेल्या किरणांनी कुणाची वाढ खुंटते, कुणी अभ्यासात मागे पडतं आणि मास्तर त्याला आळशी ठरवून मोकळे होतात. हे सगळ्यांनाच होत नाही. औषधाची एकूण मात्रा किती आणि तेव्हा वय काय, यावर बरंच अवलंबून असतं.

मुंबईच्या टाटा रुग्णालयात उपचार संपलेल्या मुलांसाठी १९९१पासून वेगळं क्लिनिक आहे. बऱ्या झालेल्यांचा ‘उगम’ हा गटही आहे. तरी आपल्याकडे लग्न मोडेल या धास्तीने मुलींच्या उपचारांचे कागद दडवले जातात. भाड्याची खोली बदलताना फाइल हरवली तर समजू शकतं. मुद्दाम दडवणं मात्र अक्षम्य आहे.

आईबापहो, औषधांची नावं, एकूण मात्रा आणि किरण कुठे दिले, एवढं डॉक्टरांकडून लिहून घ्या. फोटो काढून ठेवा. मूल अठराचं झालं की तो कागद त्याच्या हाती द्या.