मिठागर आणि रसायनशास्त्राचें पुस्तक

मीठ कसें बनतें, असें विद्यार्थ्यास विचारलें असतां तो तत्काळ उत्तर देतो : सोडियम हा धातु एक इलेक्ट्रॉन देतो, क्लोरीन हा अधातु तो घेतो, आणि मीठ तयार होतें. उत्तर चुकीचें नाहीं. परंतु लगेच दुसरा प्रश्न करावा : मग मिठागरांत हा सोडियम धातु कोठून येतो? येथें पुष्कळ जण निरुत्तर होतात. आमच्या मतें ज्ञानाची खरी कसोटी या दुसऱ्याच प्रश्नांत आहे.

मरोळहून पवईच्या वाटेनें पूर्वेस गेलें म्हणजे कांजूर, भांडुप व मुलुंड येथील खाडीकांठ लागतो. तेथें पिढ्यान्‌पिढ्या मीठ पिकविलें गेलें. त्या वाफ्यांत ना चाकूनें कापतां येणारा सोडियम होता, ना विषारी क्लोरीन वायु. समुद्राच्या एक किलोग्रॅम पाण्यांत सुमारें 35 ग्रॅम क्षार विरघळलेले असतात. त्यांत सोडियमचे धनभारित व क्लोरीनचे ऋणभारित आयनच अधिक. इलेक्ट्रॉनांची देवघेव पूर्वींच होऊन गेलेली असते. ऊन व वारा केवळ पाणी उडवून नेतात. मग हे विरुद्ध भारांचे आयन एकमेकांस ओढून ओळीनें बसतात. प्रत्येक सोडियमभोंवतीं सहा क्लोराइड आणि प्रत्येक क्लोराइडभोंवतीं सहा सोडियम, अशी ती रचना होय.

या रचनेचें महत्त्व मोठें आहे. सोडियमचा इलेक्ट्रॉन काढण्यास जेवढी ऊर्जा लागते, तेवढी क्लोरीननें तो घेतल्यानें परत मिळत नाहीं. ही तूट आयन एकत्र बसल्यानें भरून निघते, व वर पुष्कळ ऊर्जा बाहेर पडते. म्हणून "एकानें दिलें, दुसऱ्यानें घेतलें" एवढ्यावर धडा संपवूं नये.

कोणी म्हणेल, परीक्षेंत पहिलाच प्रश्न येतो. दुसऱ्यास वेळ कोठें आहे? परंतु काम थोडेंच आहे. मीठ पाण्यांत विरघळवून बशी उन्हांत ठेवावी व उरलेले कण भिंगांतून पहावे. चौकोनी ठोकळे दिसतील. कोरड्या मिठांतून वीज वाहत नाहीं, मिठाच्या पाण्यांतून वाहते, हें शिक्षकांनीं प्रयोगशाळेंत दाखवावें.

पालकांसही एक विनंति आहे. मूल शाळेंतून आलें म्हणजे "गुण किती मिळाले?" याच्या आधीं "आज काय पाहिलेंस?" असें विचारावें. मीठ रोज आपल्या ताटांत वाढलें जातें. तें न पाहतां त्याचें सूत्र पाठ करणें, याला आम्ही शिक्षण म्हणत नाहीं.