झळाळीची किंमत

इंग्लंडमधील शेफील्ड आणि जर्मनीतील झोलिंगेन या दोन गावांच्या वस्तऱ्यांनी एकेकाळी जगभर नाव मिळविले. १७४० च्या दशकात शेफील्ड परिसरात बेंजामिन हंट्समनने मुशीत पोलाद वितळविण्याची पद्धत सिद्ध केली, हे त्या कीर्तीचे एक मूळ. १९०४ मध्ये जिलेटला सेफ्टी रेझरचे अमेरिकन पेटंट मिळाले आणि वस्तरा हळूहळू घराघरांतून हद्दपार झाला. आज तो जुन्या बाजारात गंजलेला सापडतो आणि हौशी मंडळी विजेच्या फिरत्या हत्याराने त्याला चकचकीत करू पाहतात.

हौस स्तुत्य आहे. घाई मात्र नव्हे. हे हत्यार मिनिटाला हजारो फेरे घेते. पात्याची कड अतिशय पातळ असल्याने घर्षणाची उष्णता तेथे क्षणात साठते. सुमारे ३०० अंश सेल्सिअसला पोलादावर निळी झाक येते. ती आली की त्याचे पाणी उतरले असे समजावे. मग कितीही परजले तरी धार टिकत नाही. शिवाय कारागिराची मुद्रा आणि सोनेरी नक्षीही त्या झपाट्यात पुसली जाते.

तांबडा गंज काढलाच पाहिजे, कारण तो पोलाद खातो. काळसर डाग मात्र वयाची खूण आहेत; ते राहू द्यावेत. बारीक पॉलिश पेपर आणि तेल यांनी काम सावकाश होते खरे. परंतु बोटाला चटका कळतो, यंत्राला कळत नाही. जुने ते नव्यासारखे दिसावे या हट्टापायी आपण त्याचे जुनेपण घालवतो आणि उपयोगही. जतन म्हणजे झळाळी नव्हे, एवढा विवेक हौसेलाही हवा.