मूठमातीचा हक्क

“जुन्या जखमा आता कशाला उकरता?” स्पेनमध्ये आजोबांच्या अस्थी शोधणाऱ्या नातवंडांना हा प्रश्न वारंवार ऐकावा लागतो. विचारणाऱ्यांत श्रद्धावंत कॅथलिकही असतात, म्हणूनच त्याचे उत्तर देणे आम्हांस अगत्याचे वाटते.

१९३६ ते १९३९ या यादवी युद्धात तेथे भाऊ भावाविरुद्ध उभा ठाकला. प्रजासत्ताकाच्या ताब्यातील प्रदेशात साडेसहा हजारांहून अधिक धर्मगुरू व व्रतस्थांची हत्या झाली. त्या छळात प्राणार्पण करणाऱ्यांपैकी ४९८ जणांना २००७ साली रोममध्ये आणि ५२२ जणांना २०१३ साली तारागोना येथे धन्यवादित घोषित करण्यात आले. ते योग्यच झाले. सत्तर वर्षांनंतर त्यांची नावे उच्चारली, तेव्हा जखम उकरली जाते असे आम्हांला वाटले नाही.

मग विस्मरणाचा उपदेश दुसऱ्या बाजूच्या मृतांनाच का? फ्रँकोच्या पक्षाने गोळ्या घातलेले हजारो लोक रस्त्याकडेच्या खड्ड्यांत पुरले गेले. माद्रिदनजीक डोंगर कोरून उभारलेल्या बॅसिलिकेत तेहतीस हजारांहून अधिक मृतांचे अवशेष आहेत. त्यांतील कित्येक प्रजासत्ताकवाद्यांचे अवशेष घरच्यांना न विचारताच तेथे आणले गेले. आणि १९७५ पासून २०१९ पर्यंत फ्रँकोची कबर मात्र तेथील वेदीजवळ मानाने होती. याला समेट कसे म्हणावे?

बास्क प्रदेशात तर फ्रँकोच्या पक्षाने धर्मगुरूंनाही ठार केले. अशा चौदा धर्मगुरूंसाठी तेथील बिशपांनी मिस्साबलिदान अर्पण केले ते २००९ साली, आणि ख्रिस्तसभेच्या दीर्घ मौनाबद्दल क्षमा मागितली. त्या क्षमायाचनेने ख्रिस्तसभेची मान खाली गेली नाही, उंचावली.

“पण त्यांनी चर्चेस जाळली!” असे कोणी म्हणेल. जाळणाऱ्याचे पाप ते पापच. परंतु पूर्वजाचा सन्मान म्हणजे त्याच्या प्रत्येक कृत्याचे समर्थन नव्हे, आणि पाप्याचीही कबर हिरावून घेण्याचा अधिकार कोणास नाही. शिवाय त्या खड्ड्यांत पडलेल्या कितीएकांनी चर्चच्या दाराला कधी हातही लावला नव्हता.

राजाचा रोष पत्करून तोबिताने आपल्या बांधवांना मूठमाती दिली. मृतांना मूठमाती देणे हे दयेचे कृत्य आहे, असे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना शिकवतो. २ नोव्हेंबरला आप्तांच्या कबरीवर मेणबत्ती लावणाऱ्या आपण तरी, ज्याला मेणबत्ती लावायला कबरच ठाऊक नाही, त्याला ‘विसरून जा’ असे सांगू नये.