उबवणीच्या अंड्यांचे निर्जंतुकीकरण : आक्षेप आणि उत्तर

उबवणीच्या अंड्यांचे निर्जंतुकीकरण म्हणजे फलित अंडे उबवणी यंत्रात जाण्यापूर्वी त्याच्या कवचावरील जंतूंचा नायनाट करणे. शहापूर व मुरबाड तालुक्यांत भातशेतीला जोड म्हणून ब्रॉयलरच्या शेड उभ्या राहिल्या आहेत. करार पद्धतीत पिल्ले, खाद्य आणि औषधे कंपनीची. शेड, तूस, वीज आणि राबणारे हात शेतकऱ्याचे. अंड्याची निगा हॅचरीत, त्याच्या डोळ्यांआड होते, तिच्यातील हयगय मात्र पहिल्या आठवड्यातील मरतुकीच्या रूपाने त्याच्याच पदरी पडते. म्हणून या विषयावरील गैरसमज दूर होणे गरजेचे आहे.

पहिला आक्षेप असा : गावठी कोंबडी खुडूक बसली की अंडी न धुता, न धुरी देता पिल्ले निघतात, मग हा खटाटोप कशाला? खुडूक कोंबडीखाली डझनभर अंडी असतात. एक नासले तर नुकसान त्या खुराड्यापुरते राहते. यंत्रात हजारो अंड्यांवर एकाच पंख्याची हवा फिरते. तिथे एक सडके अंडे फुटले तर त्यातील जंतू सगळ्या ट्रेवर उडतात. शिवाय ताजे अंडे थंड होताना आतील भाग आकसतो आणि कवचाच्या हजारो सूक्ष्म छिद्रांतून हवा आत ओढली जाते. कवचावर विष्ठा असेल तर तिच्यातील जंतूंनाही वाट मिळते. त्यामुळे हा आक्षेप टिकत नाही.

दुसरा समज याच्या उलट आहे : औषध जितके कडक, तितके पिल्लू निरोगी. हा समज अधिक घातक आहे. फॉर्मेलिन व पोटॅशियम परमँगनेटच्या धुरीचे प्रमाण ठरलेले आहे. अंड्यांसाठी रूढ असलेल्या तिप्पट मात्रेत 100 घनफूट जागेला 120 मिली फॉर्मेलिन आणि 60 ग्रॅम परमँगनेट लागते. वेळ सुमारे 20 मिनिटे. उबवणीच्या 24 ते 96 तासांच्या दरम्यान धुरी दिल्यास गर्भ दगावू शकतो. पिल्ले बाहेर पडताना धुरीतील फॉर्मल्डिहाइड वायू जास्त झाला तर श्वासनलिकेचे नाजूक अस्तर खराब होते. माणसालाही त्याचा धोका आहे : आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या गटात घातले. हायड्रोजन पेरॉक्साइड, पेरासिटिक आम्ल आणि अतिनील किरण हे पर्याय आहेत. मात्रेची शिस्त त्यांनाही चुकत नाही.

अंडे ओल्या फडक्याने पुसणे हाही चुकीचाच उपाय. त्याने घाण पसरते आणि छिद्रे झाकणारे नैसर्गिक आवरण निघते. पाणी अंड्यापेक्षा थंड असेल तर जंतू आत खेचले जातात.

तिसरा समज : अंडी निर्जंतुक केली की रोगराई संपली. मायकोप्लाझ्मा किंवा पुलोरम हे आजार बाधित आईकडून अंड्याच्या आतच उतरतात. कवचावरची धुरी तिथे पोहोचत नाही. बर्ड फ्लूची साथही अंड्यांच्या धुरीने रोखता येत नाही. फेब्रुवारी 2022 मध्ये शहापूरच्या वेहळोलीत एच5एन1 आढळला आणि परिसरातील हजारो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. अशा साथीला रोखतात ती शेडची जैवसुरक्षा, वाहनांवरील फवारणी आणि रानपक्ष्यांपासून दुरावा.

मग निर्जंतुकीकरणाने साधते काय? त्याचा पुरावा पिल्लाच्या बेंबीत दिसतो. निरोगी पिल्लाची बेंबी कोरडी आणि बंद असते. बेंबी ओली, काळपट, पोट फुगलेले आणि दुर्गंधी असेल तर ई. कोलायसारख्या जंतूंनी बलक नासलेला असतो. असे पिल्लू मान टाकून दिव्याखाली गोळा होते आणि अनेकदा पहिल्या आठवड्यातच दगावते. जगले तरी वजनात मागे राहते. मात्र उबवणीतील तापमान बिघडले तरी बेंबी नीट मिटत नाही आणि ब्रूडिंगमध्ये, म्हणजे शेडमध्ये पिल्लांना ऊब देताना, ती कमी पडली तरी पिल्ले मरतात. म्हणून शवविच्छेदनाशिवाय दोष कुणाच्याही माथी मारणे योग्य नाही.

निर्जंतुकीकरण स्वच्छतेची जागा घेत नाही, ते तिला पूर्णत्व देते. स्वच्छ घरटी, दिवसातून अनेकदा अंडी गोळा करणे, जमिनीवरची घाणेरडी अंडी वेगळी काढणे, गोळा करताच मोजून मात्रा देणे आणि पुढे अंड्यांना घाम फुटू न देणे, म्हणजे कवचावर ओल धरू न देणे, हाच योग्य क्रम होय. हॅचरीने तो पाळावा आणि प्रत्येक लॉटबरोबर त्याची नोंद शेतकऱ्याला द्यावी. मरतुकीचा भार उचलणाऱ्याचा तो हक्क आहे.