पाहुणा कोण, यजमान कोण?

(द्वितीय वर्ष कला)

आमच्या डिंगोरे गावावरून नगर-कल्याण रस्ता जातो. गावची मेथी-कोथिंबीर रात्री या रस्त्याने माळशेज घाट उतरते आणि पहाटे कल्याणच्या बाजारात पोचते. बारावीची परीक्षा दिल्यावर मीही एकदा चुलत्यांबरोबर टेम्पोत बसून गेलो. तो दिवस १० एप्रिल २०२४ चा, म्हणजे गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवसाचा. माल उतरल्यावर चुलत्यांना उल्हासनगरच्या एका दुकानदाराकडून मागली बाकी घ्यायची होती, म्हणून आम्ही तिकडे गेलो आणि संध्याकाळपर्यंत तिथेच अडकलो. रस्ते मिरवणुकीने भरून गेले होते. तो सिंधी लोकांचा चेटीचंड होता.

मित्रहो, आपण वर्षप्रतिपदेला गुढी उभारतो आणि घरात पुरणपोळी खाऊन झोपतो. या लोकांचे नववर्ष मात्र रस्त्यावर येते. ढोल आणि सनईच्या तालावर पुरुष हातात टिपऱ्या घेऊन गोल फिरत होते. त्या नाचाला छेज म्हणतात. परातीत कणकेचा दिवा, खडीसाखर, वेलदोडे, फळे मांडून तो बहराणा डोक्यावर घेऊन माणसे पाण्याकडे चालली होती. माशावर बसलेल्या झूलेलालची मूर्ती पुढे होती. हा त्यांचा पाण्याचा देव. आणि कोपऱ्याकोपऱ्यावर मांडव घालून येणाऱ्या-जाणाऱ्याला उकडलेले छोले, गोड पिवळा भात, थंड सरबत वाटणे चालले होते. तू कोण, कुठला, असे कोणी विचारले नाही. माझ्या हातात भाताचा द्रोण ठेवणारी म्हातारी फक्त म्हणाली, "खा बेटा, और ले."

चुलत्यांचे ते शेठ पंचाहत्तरीचे. जन्म इथलाच, बराकीत झालेला. महायुद्धाच्या काळात लष्करासाठी उठवलेल्या बराकींत, फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या जवळजवळ लाखभर माणसांना ठेवले गेले. त्या छावणीलाच ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगर हे नाव मिळाले. आजही तिथले पत्ते कॅम्प एक, कॅम्प दोन असे पाचपर्यंत चालतात. शेठ सांगत होते, एका बराकीत मध्ये गोणपाट टांगून चार-चार कुटुंबे राहत. लोक 'निर्वासित' म्हणत, ते वडिलांना फार लागे. ते स्वतःला 'पुरुषार्थी' म्हणवून घेत. मग शेठ हसून म्हणाले, "अपना दरिया तो उधर रह गया. अब जो पानी मिले, उसी में जोत छोड़ते हैं." पंजाब्याला पंजाब आहे, बंगाल्याला बंगाल आहे. सिंध्याला भारतात सिंध नाही. १९६७ साली त्यांच्या भाषेला घटनेच्या आठव्या परिशिष्टात जागा मिळाली, पण पायाखालची जमीन म्हणावी तर ती ही छावणीच.

हे सारे आठवण्याचे कारण आपल्या महाविद्यालयात गेल्या स्नेहसंमेलनात भरलेला मेळा. परप्रांतातून, परदेशातून येऊन इथे वसलेल्या लोकांचे संगीत आणि खाद्य विद्यार्थ्यांना कळावे, असा त्यामागचा हेतू. हेतू चांगला होता, हे मी प्रारंभीच कबूल करतो. प्रास्ताविकात साने गुरुजींच्या आंतरभारतीची आठवण निघाली. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची माहिती तर मला सर्वस्वी नवी होती. १९४३ पासून पाचेक हजार पोलिश निर्वासित, बहुतेक बायका आणि मुले, तिथल्या छावणीत राहिले. १९४८ पर्यंत ते गेले आणि त्याच जागी सिंधी निर्वासित आले. आज ते गांधीनगर, कापडाची मोठी पेठ. एका देशाची माणसे ज्या छपराखाली रडली त्याच छपराखाली दुसऱ्या देशाची येऊन रडली, हे ऐकून सभागृह क्षणभर शांत झाले होते.

पण नंतर आम्ही काय केले? वीस रुपयांचे कूपन काढले आणि दाल-पकवान खाल्ले. ते आमच्याच वर्गातल्या मुलींनी, मोबाईलवर कृती पाहून केले होते. तिबेटी मोमो करणाराही आमचाच, आणि छेज नाचणारे तर कबड्डीच्या संघातले. ज्यांचा तो मेळा, त्यांतला एकही माणूस मांडवात नव्हता. कोणी बोलावलेच नव्हते. उल्हासनगरात उपटलेली माणसे यजमान होती आणि मी पाहुणा. इथे आम्हीच यजमान, आम्हीच पाहुणे, आणि ती माणसे नुसती पाटीवरची नावे.

माझे काही मित्र म्हणतात, असले मेळे म्हणजे निव्वळ देखावा, बंद करा. मला हे पटत नाही. एक प्राध्यापक म्हणाले, जिभेची ओळख ही पहिली ओळख असते, आणि ते खरे आहे. तो पिवळा भात खाल्ला नसता तर मी शेठांना बराकीविषयी विचारलेही नसते. परंतु ओळखीला समोर माणूस लागतो. तो नसेल तर खाणे ते नुसते खाणेच.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो. ती सांगण्यासारखी नाही. मेळ्याच्या दिवशी छातीला स्वयंसेवकाचा बिल्ला लावून मी फाटकाशी उभा होतो. जानेवारी म्हणजे उसाचा हंगाम. बीडकडून आलेल्या तोडकऱ्यांच्या कोप्या जवळच्या शिवारात पडलेल्या होत्या. तिथली चार-पाच मुले गाण्याचा आवाज ऐकून आली आणि फाटकाच्या गजांना धरून उभी राहिली. मी त्यांना विचारले, "पास आहे का?" त्यांना पास म्हणजे काय हेच कळेना. मी त्यांना हुसकून लावले. आत त्या वेळी स्थलांतरितांच्या व्यथेवर गीत चालले होते.

सहा-सहा महिने गाव सोडून येणारी ही माणसे आपल्या मेळ्याच्या व्याख्येत का बसत नाहीत? दूरच्या निर्वासिताविषयी आपल्याला कळवळा येतो, कारण तो आपल्याकडे पाणी मागायला येत नाही, असे मला वाटते.

याहूनही जवळचे सांगायचे तर माझी आजी, आईची आई. तिचे घर डिंभे धरणात गेले. ज्या आंबेगावाने तालुक्याला नाव दिले, ते जुने गावच त्या पाण्याखाली आहे; तिची वाडी त्याच्याच वरच्या अंगाला. अशांना आपण निर्वासित म्हणत नाही, 'धरणग्रस्त' म्हणतो. कचेरीतल्या अर्जावरचा शब्द तो. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. हा शब्द मी दाखल्यासाठी कितीदा लिहिला असेन, पण तिच्या वाडीत लोक काय गात होते, हे मी तिला उभ्या आयुष्यात विचारले नव्हते.

तेव्हा पुढल्या वर्षी मेळा भरवायचा तर कूपन बंद करावे, कोप्यांवर जाऊन रीतसर आमंत्रण द्यावे, ज्यांचे पदार्थ त्यांनाच रांधायला सांगून त्यांच्या कष्टाचे पैसे द्यावेत, आणि वाढायचे काम त्यांच्याकडे असावे. आपण पंगतीत बसावे. फाटकावर मला उभे करू नये.

मेळ्यानंतर आठवड्याने मी आजीकडे गेलो आणि आवणीचे गाणे सांग म्हणालो. ती आधी हसली. भाकरी थापता थापता दोन ओळी म्हणाली आणि थांबली. मी म्हटले, "पुढे?"

"पुढलं मला न्हाई येत. आम्ही ह्या बांधानं म्हणायचो, अन् पलीकडल्या बांधाच्या बाया उत्तर द्यायच्या. त्यांचं त्यांना ठावं."

त्या बाया आता कुठे आहेत? एक मुंबईला लेकाकडे होती, ती वारली. एक मंचरच्या बाजूला कुठेशी आहे, असे आजीने ऐकले आहे. परीक्षा आटोपली की आजीला घेऊन तिचा शोध घ्यायला जायचे ठरवले आहे.